११.२ वर अडकलेला माळ्यावरचा सर्व्हर

आमचं फोटो-व्हिडिओचं दुकान व्हीनस कॉर्नरच्या मागं, म्हणजे २०१९ ला ज्यांनी कोल्हापूर बघितलंय त्यांना पुढचं सांगायला नको. ऑगस्टमध्ये पाणी शिरलं तेव्हा दादानं आणि मी कॅमेरे, लेन्स, मॉनिटर असं हाताला लागंल ते उचलून वरच्या फळीवर टाकलं, पण एका टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये दोन पोर्टेबल हार्डडिस्क होत्या त्या कुणाच्याच ध्यानात आल्या नाहीत. पाणी उतरल्यावर त्या चिखलातनं निघाल्या. एकीत दोन लग्नं होती आणि दुसरीत शाहू स्टेडियमवरच्या फुटबॉलचे दोन सीझनचे फोटो. लग्नाचा माल पार्ट्यांना देऊन झाला होता म्हणून निभावलं, फुटबॉलचे फोटो गेले ते गेलेच, आणि अजूनपण पेठेतला एखादा प्लेअर भेटला की विचारतोच, माझा तो हेडरचा फोटो मिळंल काय. २०२१ ला पाणी आलं तेव्हा आम्ही शहाणे झालो होतो, पाणी पात्राबाहेर पडल्याची बातमी आली त्याच दिवशी सगळ्या डिस्क बाजाराच्या पिशवीत घालून, मेथीच्या पेंड्या आणाव्यात तशा शिवाजी पेठेत घरी आणल्या.

पण दरवर्षी पावसाळ्यात अकरा डिस्क पिशवीत घालून फिरवायच्या, त्यात कुठल्या डिस्कमध्ये काय आहे हे फक्त मला माहिती, आणि तेपण निम्मंच. म्हणून ठरवलं की घरी एक सर्व्हर करायचा, एडिटिंग तसंही आता मी घरीच करतो, सगळा डेटा एका जागी राहील आणि दादाला काय पाहिजे असलं तर त्याला पण मिळंल.

सर्व्हर म्हणलं की लोकांना काय काय वाटतं, पण आमचा सर्व्हर म्हणजे जुना एडिटिंगचा पीसी. चौथ्या जनरेशनचा आय५, ८ जीबी रॅम, कॅबिनेटला एक बाजूचं झाकण नीट बसत नाही. त्यात १२० जीबीची जुनी एसएसडी पडून होती ती सिस्टीमसाठी लावली आणि ४ टीबीच्या दोन हार्डडिस्क घेतल्या, एक इथल्याच दुकानातनं आणि दुसरी ऑनलाइन सेलमध्ये जरा स्वस्तात मिळाली म्हणून. ही स्वस्तातली डिस्क लक्षात ठेवा, ती पुढं परत येणाराय. वर ओपनमीडियाव्हॉल्ट नावाची सर्व्हरची सिस्टीम टाकली, ती फुकट आहे, डेबियन लिनक्सवर चालते आणि ब्राउझरमधनंच सगळं सेटिंग करता येतं, त्यामुळं माझ्यासारख्या फोटोवाल्याला पण जमलं. दोन्ही डिस्कचा मिरर केला, म्हणजे एकीवर जे लिहील तेच दुसरीवर, एक गेली तरी दुसरी आहे. सांबा नावाच्या प्रोग्रामनं फोल्डर नेटवर्कवर शेअर केलं आणि विंडोजमध्ये झेड ड्राइव्ह दिसायला लागला. मशीन ठेवलं माळ्यावर, कारण खाली ठेवलं तर आई म्हणणार हे काय घोंघावतंय रात्रभर.

पहिलं लग्न टाकलं, ३८० जीबी. विंडोजच्या त्या खिडकीत हिरवी पट्टी आली आणि स्पीड आला सेकंदाला ११.२ एमबी. म्हणलं सुरुवात आहे, वाढंल. नाही वाढला. कमी पण नाही झाला. एकदम सपाट रेघ, रंकाळ्याचं पाणी वारा नसताना असतं तशी. साडेनऊ तास दाखवत होता आणि खरोखर साडेनऊ तास लागले. असा ३ टीबी डेटा टाकायचा म्हणजे मशीन तीन दिवस तीन रात्री नुसतं कॉपीच करत बसणार, आणि मध्ये एकदा लाइट गेली की परत श्रीगणेशा.

आता इथनं पुढं दोन आठवडे मी जे केलं ते सांगायला लाज वाटते पण सांगतो. मी धरूनच चाललो की मशीन जुनं आहे म्हणून असं होतंय. पहिल्यांदा रॅम वाढवली, आणखी ८ जीबी, जुन्या बाजारातली. ११.२. मग अँटिव्हायरस बंद करून बघितला. ११.२. मग मिरर मोडून एकाच डिस्कवर टाकून बघितलं, ११.२, दुसऱ्या डिस्कवर, ११.२. फाइल सिस्टीम बदलली, परत फॉरमॅट, परत शेअर, परत तेच. बायको चहा घेऊन आली, स्क्रीनकडं बघितलं आणि म्हणाली, "अहो, हा आकडा कालपण हाच होता की." मी म्हणलं हो, तेच तर बघतोय. तिनं जाता जाता अख्खं निदान सांगितलं होतं, मलाच कळलं नाही. मशीन दमल्यामुळं स्लो होत असतं तर आकडा कधी ९ झाला असता, कधी १४ झाला असता. रॅम बदलली, डिस्क बदलली, सगळं बदललं तरी आकडा तसूभर हलत नाही म्हणजे तो आकडा दुसराच कोणीतरी ठरवतोय.

त्यात एक मोठा गाढवपणा केला तो म्हणजे जंबो फ्रेम. कुठंतरी वाचलं की नेटवर्क कार्डाचा एमटीयू, म्हणजे डेटाच्या एका पाकिटाची कमाल साइज, १५०० असतो तो ९००० करा, पाकिटं मोठी होतात, स्पीड वाढतो. केलं दोन्हीकडं ९०००. आता मधला जो इंटरनेटचा डबा, म्हणजे राउटर, आहे त्याला एवढी मोठी पाकिटं चालायला पाहिजेत हे कुणी बघायचं. झालं असं की पिंग जात होतं, म्हणजे मशीन जिवंत आहे, झेड ड्राइव्ह दिसत होता, पण फाइल टाकली की जागच्या जागी थिजायची, आणि सर्व्हरचं सेटिंगचं पान पण अर्धवट उघडून फिरत बसायचं. म्हणजे जे सेटिंग उलटं करायचंय ते उघडायला पण येईना. शेवटी रात्री साडेअकराला मॉनिटर आणि कीबोर्ड घेऊन शिडीनं माळ्यावर. तिथं उभं राहता येत नाही, मांडी घालून बसायचं, डोक्याला पत्रा, बाजूला गणपतीच्या मखराचे तुकडे आणि लोणच्याच्या बरण्या. ओपनमीडियाव्हॉल्टमध्ये ओएमव्ही-फर्स्टएड म्हणून एक कमांड आहे, त्यात नेटवर्क परत पहिल्यासारखं करता येतं, त्यानं वाचवलं. खाली आलो तर आई जागी, "उंदीर होता व्हय रं?" म्हणलं व्हय.

शेवटी आमचा एक शाळेतला मित्र आहे, सीसीटीव्हीची कामं करतो, उद्यमनगरात निम्म्या कारखान्यात त्याच्या वायरी आहेत, त्याला फोन लावला. मी प्रोसेसरपासनं सगळं रामायण सांगायला लागलो तर त्यानं मध्येच तोडलं.

"स्पीड किती येतोय ते सांग."

"११.२."

"आणि कधी ११.३ वगैरे?"

"होतोय कधी कधी."

"मर्दा, ती १०० ची लाइन हाय. १०० ला ८ नं भाग."

भागलं. साडेबारा. नेटवर्कचा स्पीड मेगाबिटमध्ये सांगतात आणि विंडोज कॉपी करताना मेगाबाइटमध्ये दाखवतं, ८ बिट म्हणजे १ बाइट. १०० मेगाबिटची लाइन म्हणजे जास्तीत जास्त साडेबारा, त्यातनं पाकिटांचं स्वतःचं वजन, पत्ते, पोचपावत्या हे सगळं वजा जाऊन हातात सव्वाअकरा-साडेअकरा. आणि गिगाबिटची असती तर १२५, त्यातनं हातात ११०-११२. म्हणजे माझा आकडा काय रँडम नव्हताच, तो सरळ सरळ पाटी लावून बसला होता की मी १०० मेगाबिट आहे, आणि मी दोन आठवडे पाटी वाचत होतो पण वाचत नव्हतो.

मी म्हणलं, पण माझ्या पीसीवर लिंक स्पीड १००० दाखवतंय, मी बघितलंय. तो म्हणाला, "ते तुझ्या पीसीपासनं राउटरपर्यंतचं. राउटरपासनं वरपर्यंतचं कुणी बघायचं?" हे मला खरंच माहिती नव्हतं. मला वाटायचं नेटवर्क म्हणजे एक पाइप. तसं नसतंय, प्रत्येक वायरीच्या दोन टोकांचं आपापसात ठरतं की आपण कुठल्या स्पीडनं बोलायचं, पुढच्या वायरीचा त्याच्याशी काही संबंध नाही. पीसी ते राउटर १०००, राउटर ते सर्व्हर १००, आणि माल जाणार शेवटी १०० नंच. गंगावेशीतनं बाहेर पडायला रस्ता कितीपण मोठा असू दे, पुढं शिवाजी पुलावर एक ट्रक बंद पडला की झालं.

सर्व्हरवर एथटूल नावाची कमांड चालवली, खरंच स्पीडच्या पुढं १००. त्याच्याच वर एका ओळीत कार्ड काय काय करू शकतं ते लिहिलेलं असतं, तिथं १००० पण होतं. म्हणजे कार्डाला येतं, पण समोरचा नाहीतर मधली वायर तयार नाही.

समोरचा म्हणजे राउटर, इंटरनेटवाल्यानं फायबरबरोबर दिलेला डबा. तो भिंतीवरनं काढून उलटा करून टॉर्च मारून बघितला. चार पोर्ट, एकाच्या खाली बारीक अक्षरात जीई आणि बाकी तिन्हींच्या खाली एफई. जीई म्हणजे गिगाबिट इथरनेट, एफई म्हणजे फास्ट इथरनेट, आणि हे फास्ट म्हणजे १००. नाव ज्या काळात ठेवलं तेव्हा ते फास्ट असंल, आता त्या नावाला काय अर्थ आहे. माझा पीसी जीईत आणि सर्व्हर एफईत. दोघांना जीई द्यायचं तर एकच आहे. म्हणजे नुसता इंटरनेटचा डबा वापरून हे व्हायचंच नव्हतं, मधे गिगाबिटचा स्विच पाहिजे, म्हणजे नेटवर्कच्या वायरी एकमेकींना जोडायचा वेगळा डबा.

राजारामपुरीत जाऊन पाच पोर्टचा साधा गिगाबिट स्विच आणला, हजार-बाराशेचं काम. पीसी त्यात, सर्व्हरची वायर त्यात, आणि इंटरनेटच्या डब्यातनं एक वायर त्यात. आता पीसी ते सर्व्हर माल स्विचमधनंच जाणार, डब्याचा संबंधच नाही. दादाला मोठ्या तोऱ्यात सांगितलं की बघ आता. फाइल टाकली.

११.२.

इथं मी जवळजवळ सोडूनच दिलं होतं. माझ्या डोक्यात झालं असं की स्विच लावूनपण फरक पडला नाही म्हणजे मित्राचं निदानच चुकलं, आणि मी स्विच परत करायच्या विचारात होतो. खरं म्हणजे निदान बरोबर होतं, फक्त दोष दोन होते, एकामागं एक, आणि दोन्हींचं लक्षण अगदी तेच. एक काढला तरी दुसरा त्याच आकड्यावर धरून बसलेला. हे जर कुणी मला आधी सांगितलं असतं तर माझे चार दिवस वाचले असते, कारण चार दिवस मी परत रॅमच्याच मागं लागलो होतो.

मित्र रविवारी घरी आला. आला तो आधी बसला, आईनं पोहे दिले, मग दोन वाट्या आमटी आणि भाकरी, मग म्हणाला, "सर्व्हर खाली आण." मी म्हणलं अरे तो माळ्यावर आहे. "म्हणूनच खाली आण. वायर बदलून बघायला वायर कशाला बदलायची, मशीनच हलवायचं." आणला खाली, दोघांनी शिडीवरनं. स्विचच्या शेजारी ठेवला, नवीन एक मीटरची तयार वायर लावली, एथटूल: १०००. म्हणजे कार्ड ठीक, स्विच ठीक, राहिली ती माळ्यावर जाणारी वायर.

ती वायर मी ओढलीच नव्हती. पूर्वी एका केबलवाल्या पोरानं वरच्या खोलीत नेट पाहिजे म्हणून ओढून दिलेली, सरकत्या खिडकीच्या फटीतनं बाहेर काढून परत वर आत घेतलेली. मित्रानं बॅगेतनं टेस्टर काढला, दोन तुकड्यांचा असतो, एक ह्या टोकाला एक त्या टोकाला, आठ दिवे असतात आणि एक ते आठ एकामागं एक पेटत जातात. मी वर, तो खाली. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, मग सातला काही नाही, मग आठ. परत पहिल्यापासनं, परत सात गाळून. शाळेत हजेरीला एक पोरगा कायम गैरहजर असतो तसा.

आता ह्यातली गंमत अशी की १०० मेगाबिटला आठातल्या चारच तारा लागतात, १, २, ३ आणि ६. बाकीच्या चार नुसत्या पडून असतात. गिगाबिटला आठच्या आठ लागतात. त्यामुळं सातवी तार तुटली तरी नेट चालू राहतं, दिवे लुकलुकत राहतात, यूट्यूब बघताना कुणाला काही कळत नाही, आणि कार्डं काय करतात तर गिगाबिट लावायचा एक-दोनदा प्रयत्न करतात, जमत नाही म्हणल्यावर गपचूप १०० वर उतरतात. कुठं एरर नाही, लाल दिवा नाही, काही नाही. वायर पूर्ण तुटली असती तर पाच मिनिटात सापडली असती. अर्धवट तुटलेलीच जास्त छळते.

खिडकीच्या फटीत जिथं वायर चेपली होती तिथं वरचं कव्हर ब्लेडनं सोललं तर तपकिरी जोडीतली पांढऱ्या पट्ट्याची तार तुटलेली. मित्रानं ती तार ब्लेडनं खरवडून दाखवली, वरनं तांब्याचा रंग आणि आत पांढरी. ॲल्युमिनियम, वरनं तांब्याचा मुलामा. अशी वायर स्वस्त पडते, पण दोन-चारदा वाकली की तुटते आणि लांब अंतराला दम धरत नाही. "लग्नात सोन्याचं पाणी दिलेले दागिने घालत्यात बघ, तसलं हे," म्हणाला. मग शाहूपुरीतनं २५ मीटर शुद्ध तांब्याची कॅट ६ आणली. खरं तर गिगाबिटला तिच्या खालच्या दर्जाची कॅट ५ई पण पुरते १०० मीटरपर्यंत, पण एवढं झाल्यावर म्हणलं आणूच. खिडकीचा नाद सोडला, भिंतीला भोक पाडून नेली.

कनेक्टर मी स्वतः क्रिम्प केले, म्हणजे वायरीच्या टोकांना दाबून बसवले, कारण मित्र म्हणाला शिकून घे, मी दरवेळी येणार नाही. रंगांचा क्रम पाठ केला, पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. त्यात तिसऱ्या-चौथ्याच्या मधे हिरव्याची जोडी फुटते आणि निळा घुसतो, तिथं सगळे चुकतात, मी पण चुकलो. पहिले दोन कनेक्टर वाया. एक तर क्रम बरोबर होता पण कनेक्टर उलटा धरलेला. तिसऱ्यांदा टेस्टरवर एक ते आठ ओळीनं पेटले तेव्हा गल्लीत हलगी वाजवावी असं वाटलं.

सर्व्हर परत वर. एथटूल १०००. आणि आता डिस्क वगैरे मधे न आणता नुसतं नेटवर्क मोजायला आयपर्फ३ चालवलं, ते एका मशीनच्या मेमरीतनं दुसऱ्याच्या मेमरीत नुसता कचरा पाठवतं आणि स्पीड सांगतं. ९४१ मेगाबिट. गिगाबिटच्या वायरीतनं याच्यापेक्षा जास्त निघतच नाही. हे आयपर्फ मी पहिल्या दिवशी चालवलं असतं तर रॅमचे पैसे वाचले असते, कारण पहिल्याच मिनिटात कळलं असतं की भानगड वायरीत आहे, मशीनमध्ये नाही. असो. रॅम काय वाया जात नाही.

फाइल टाकली, ११२. दादाला हाक मारली, दादा आला, बघितलं, आणि तो बघत असतानाच स्पीड खाली आला. ७०. ३०. १८. मग शून्य. मग एकदम ९०, परत २०.

दादा काही बोलला नाही, नुसतं "चालू दे तुझं" म्हणाला आणि गेला.

पण ह्यावेळी मी तेवढा घाबरलो नाही कारण लक्षण वेगळं होतं. आधीचं दुखणं सपाट होतं, हे वर-खाली होणारं. आधी कितीही माल टाकला तरी तोच आकडा, आता पहिले दोन-तीन जीबी झकास जातात आणि मग दम लागतो. पहिले दोन-तीन जीबी का, तर लिनक्स आलेला माल आधी रॅममध्ये घेतं आणि मग सावकाश डिस्कवर उतरवतं, रॅमची ठराविक मर्यादा भरली की मग डिस्कच्या खऱ्या स्पीडनं थांबत थांबत घ्यावं लागतं. म्हणजे आता डिस्कवर संशय. आणि आधी ही गोष्ट दिसली नाही कारण १०० च्या वायरीतनं माल एवढा हळू येत होता की डिस्कला दम लागायचं कारणच नव्हतं.

आयओस्टॅट नावाची कमांड आहे, प्रत्येक डिस्क किती कामात आहे आणि एकेका कामाला किती वेळ घेते ते दाखवते. कॉपी चालू ठेवून बघितलं. पहिली डिस्क निम्मा वेळ रिकामी. दुसरी १०० टक्के कामात आणि एकेका लिहिण्याला हजारांत मिलिसेकंद, म्हणजे चक्क सेकंद सेकंद घेते. मिररमध्ये दोन्हींवर लिहून झाल्याशिवाय झालं असं म्हणत नाहीत, त्यामुळं पहिलीनं कितीपण पळून उपयोग नाही, ती दुसरीची वाट बघत बसणार. दुसरी कुठली ते ओळखलं असंलच, सेलमधली.

आधी मला वाटलं खराब आहे. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते तो स्मार्टचा रिपोर्ट काढला, खराब सेक्टर शून्य, साटा केबल खराब असली की १९९ नंबरला सीआरसी एरर वाढतात ते पण शून्य. डिस्क एकदम निरोगी. मग मॉडेल नंबर घेऊन कंपनीचाच कागद शोधला, त्यात एका ओळीत लिहिलं होतं, एसएमआर. दुकानातनं घेतलेली होती सीएमआर, म्हणजे साध्या पद्धतीची.

हे एसएमआर म्हणजे काय ते समजायला कोल्हापुरातल्या माणसाला काही अवघड नाही, जुनं घर डोळ्यापुढं आणायचं. साध्या डिस्कवर डेटाचे पट्टे शेजारी शेजारी असतात, फरशी घातल्यासारखे, एक फरशी काढून दुसरी बसवता येते. एसएमआरमध्ये कौलं चढवल्यासारखे असतात, एकावर दुसऱ्याचा काठ. तेवढ्याच जागेत जास्त माल बसतो, म्हणून स्वस्त. पण मधलं एक कौल बदलायचं तर त्याच्यावरची सगळी ओळ उचलायची आणि परत बसवायची. मग कंपनीवाले काय करतात, डिस्कमध्येच थोडी जागा साध्या पद्धतीची ठेवतात, आलेला माल आधी तिथं घ्यायचा आणि डिस्क रिकामी असताना हळूहळू कौलांत रचायचा. थोडा थोडा माल टाकणाऱ्याला कधी कळतच नाही. मी टाकणार एका दमात ३८० जीबी, ती जागा भरली की बिचारी एकीकडं रचायची आणि एकीकडं घ्यायची, तिथं तिचा जीव जातो. त्यात मी दोन आठवड्यात तिला तीनदा फॉरमॅट करून, भरून, पुसून बसलो होतो.

वाईट डिस्क नाही ती, मी तिला चुकीच्या कामाला जुंपलं. मिररमध्ये, आणि तेपण दुसऱ्या पळणाऱ्या बैलाबरोबर. मिररमधनं ती काढली, दुसरी सीएमआर डिस्क आणली, ह्यावेळी मॉडेल नंबर कागदावर बघूनच, आणि मिरर परत जुळवायला लावला, रात्रभर चाललं ते. सकाळी दुकानात जायच्या आधी तेच लग्न परत टाकलं. १११, ११२, १०९. आंघोळ, नाष्टा करून आलो तोवर शेवटचे थोडे जीबी राहिले होते. साडेनऊ तासाचं काम तासाभराच्या आत. दादाला मुद्दाम हाक मारली नाही.

एक राहिलंच. सगळं झाल्यावरपण एका फोल्डरला स्पीड दोन-तीन एमबीच्या वर जाईना. लाइटरूम ह्या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरच्या प्रिव्ह्यूचं फोल्डर, हजारो बारीक बारीक फाइली. ह्यात काही बिघडलेलं नव्हतं. ५० जीबीची एक फाइल म्हणजे एक ट्रक उसाचा, आणि ५० जीबीच्या बारीक फाइली म्हणजे तेवढाच ऊस एकेक कांडं हातात घेऊन, प्रत्येकाला गेटवर नोंद. प्रत्येक फाइलला उघडा, परवानगी बघा, लिहा, बंद करा. विंडोजमध्ये रोबोकॉपी आहे, त्याला एमटी १६ दिलं की सोळा जण एकदम कामाला लागतात, थोडा फरक पडला. मग डोकं चाललं की प्रिव्ह्यू तर लाइटरूम परत बनवतंय, ते कशाला वाहायचे, कॅटलॉगची फाइल आणि मूळ फोटो तेवढे टाकायचे. ते फोल्डरच बॅकअपमधनं काढून टाकलं.

ती सेलमधली डिस्क टाकून दिली नाही. मिरर म्हणजे बॅकअप नव्हे हे मला मित्रानं पोहे खाता खाता सांगितलं होतं, चुकून फोल्डर डिलीट केलं तर दोन्ही डिस्कवरनं एकदमच डिलीट होणार, आणि घरालाच काही झालं तर दोन्ही एकदमच जाणार. एक कॉपी दुसऱ्या गावात पाहिजे. आमची ताई पन्हाळ्याला असते, तिथं पंचगंगेचं पाणी यायचं म्हणजे सगळं जगच बुडाल्यावर. ती एसएमआर डिस्क एका डब्यात घातली, तिच्यावर सगळं एकदा सावकाश भरलं, दीड दिवस घेतला तिनं, घेऊ दे, तिला परत परत पुसायचं नाही, एकदा भरून ठेवून द्यायचं, अशा कामाला ती चांगलीच आहे. घाई एकाच गोष्टीची होती. जुलै लागला होता, पाऊस धरला होता आणि राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याकडं निघाली होती. पाणी वाढलं की केर्लीजवळ रस्त्यावर येतं आणि पन्हाळ्याची वाट बंद होते. सकाळी मोटरसायकलवर, डिस्क दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत आणि वर रेनकोटच्या आत, नेऊन दिली. ताईनं साड्यांच्या कपाटात ठेवली आणि विचारलं, "ह्यात माझ्या लग्नाचे आहेत का?" तिच्या लग्नाचे फोटो रोलवरचे, तिचा अल्बम तिच्याकडंच आहे, पण म्हणलं हे घे, पुढच्या वेळी स्कॅन करून टाकतो.

दिवाळीच्या साफसफाईत आईनं माळा आवरला. मला काही माहिती नव्हतं, रात्री एक साखरपुडा टाकायला बसलो आणि पट्टीच्या खाली आकडा आला ११.२. उठलो, शिडी लावली, टॉर्च दातात धरला. लोणच्याच्या बरण्या डाव्या बाजूच्या उजव्या बाजूला आल्या होत्या आणि त्यातल्या एका बरणीनं वायर कनेक्टरच्या अगदी मुळाशी दाबून वाकवलेली. बरणी सरकवली, कनेक्टर कापून नवीन लावला, पहिल्याच फटक्यात आठही दिवे. खालनं आई म्हणाली, "परत उंदीर व्हय रं?"